पापणी पडली, की बाहुली पाहा

काळ्याभोर डोळ्यांचं आपल्याकडे फार कौतुक. पण या डोळ्यांची एक अडचण आहे. बुबुळ आणि बाहुली दोन्ही गडद, त्यामुळे बाहुली केवढी आहे ते समोर बसलेल्या माणसालाही धड दिसत नाही. एखाद्या घाऱ्या डोळ्यांच्या माणसाची एक बाहुली मोठी झाली, तर घरातलं शेंबडं पोरही बोट दाखवील. माझी झाली तेव्हा मी भरल्या लग्नघरात होते. माझी पापणी पडलेली सगळ्यांना दिसली. बाहुली कोणालाच दिसली नाही.

मी शिरूरची. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको करते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. थोरली बहीण दौंडला दिलेली, तिच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. हळदीच्या दिवशी डाव्या डोळ्याच्या मागे, भुवईच्या आत कुठेतरी, ठणका सुरू झाला. नेहमीच्या डोकेदुखीसारखा तो नव्हता. बोट ठेवून जागा दाखवता येत होती. दुसऱ्या दिवशी डावी पापणी जड झाली आणि वरातीपर्यंत पार मिटली. बोटाने उचलून पाहिलं की मांडवाच्या खांबाशेजारी दुसरा खांब, नवरीशेजारी दुसरी नवरी. आरशात पाहिलं तर डोळा बाहेरच्या अंगाला आणि खाली वळलेला.

लग्नघर म्हटल्यावर निदान करणाऱ्यांना काय तोटा! कोणी म्हणालं जागरण झालं, कोणी म्हणालं वारं गेलं, एका काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दाजी मात्र ताबडतोब मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. शुगर तपासली, ती वाढलेलीच होती. डॉक्टर म्हणाले, शुगरने डोळ्याची नस कमजोर झाली आहे, शुगर आटोक्यात ठेवा, तीन महिन्यांत पापणी आपोआप वर येईल. गोळ्या लिहून दिल्या.

त्यांचं बोलणं हवेतलं नव्हतं, हे आधी सांगते. मधुमेहात हे खरंच होतं आणि बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत खरंच बरं होतं. माझ्याच गल्लीत एका गृहस्थांचं तसं झालेलं मी पाहिलं आहे. फरक एवढाच की त्यांची बाहुली शाबूत होती. माझ्या पापणीखाली कोणी बॅटरी मारून पाहिलं नव्हतं.

लग्न उरकल्यावर चौफुला, न्हावरे करत शिरूरला आले. मुलगा मला चष्म्याचा नंबर काढणाऱ्या एका नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. डोळ्याचंच दुखणं, तेव्हा तिथेच जाणार. त्यांनी पापणी वर केली, बाजूने बॅटरी मारली, मग उजव्या डोळ्यावर मारली, पुन्हा डाव्यावर. खोलीतला दिवा मालवून पाहिलं, लावून पाहिलं. उजवी बाहुली उजेड पडताच आकसत होती. डावी मोठीच्या मोठी, ढिम्म. ते म्हणाले, "ताई, नंबर-बिंबर नंतर. आजच्या आज पुण्याला जायचं. जिथे मेंदूचे डॉक्टर आणि अँजिओग्राफीची सोय आहे तिथेच जायचं, मधे कुठे थांबायचं नाही." चिठ्ठीवर त्यांनी काय दिसलं ते आणि वेळ लिहून दिली. ती वेळ लिहिण्याचं महत्त्व मला पुढे कळलं.

पुण्यात त्याच रात्री सीटी अँजिओग्राफी झाली. मेंदूच्या तळाशी एका रक्तवाहिनीला, जिथे तिला दुसरी येऊन मिळते त्या सांध्यावर, फुगा आला होता. डॉक्टरी भाषेत अन्युरिझम. तो फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता. फुटला असता तर मेंदूभोवती रक्तस्राव झाला असता, आणि त्यातून बरीच माणसं हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर सरकवून डॉक्टरांनी फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरली. कवटी उघडावी लागली नाही. काहींच्या बाबतीत फुग्याची जागा आणि आकार असा असतो की कवटी उघडून चिमटाच लावावा लागतो. ते ठरवणं त्यांचं काम.

वॉर्डात एक निवासी डॉक्टर मुलगी होती. रोज येऊन माझ्या डोळ्यांत बॅटरी मारायची आणि कागदावर आकडे टाकायची. मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. (पुढे तिचे चार ब्लाउज शिवून दिले, तेव्हा फिट्टंफाट झाली.) तिने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक. ते लहान-मोठं करायला दोन वेगवेगळे स्नायू आहेत. एक भोकाभोवती गोल फिरलेला, परकराच्या नेफ्यातल्या नाडीसारखा. नाडी ओढली की भोक लहान. दुसरा स्नायू भोकापासून बाहेरच्या कडेकडे पसरलेला, तो आकसला की भोक मोठं. भर उन्हात बाहुली दोन ते चार मिलिमीटर असते, अंधारात चार ते आठपर्यंत जाते. या दोन स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा निराळ्या, त्यांच्या वाटा निराळ्या. म्हणून बाहुलीचं काय बिघडलं ते नीट पाहिलं, तर कोणत्या वाटेवर घोटाळा झाला आहे याचा बराच अंदाज येतो.

उजेडाची खबर डोळ्याच्या पडद्यावरून दुसऱ्या क्रमांकाच्या नसेने, म्हणजे दृष्टीच्या नसेने, मेंदूच्या मध्यभागाकडे जाते. तिथून हुकूम निघतो तो तिसऱ्या क्रमांकाच्या नसेतून, आणि गंमत म्हणजे तो दोन्ही डोळ्यांना एकदम जातो. एका डोळ्यावर उजेड मारला तरी दोन्ही बाहुल्या बरोबर आकसतात त्या यामुळे. ही तिसरी नस पापणीही उचलते आणि डोळ्याला आत, वर, खाली वळवणारे बहुतेक स्नायूही तीच चालवते. ती गेली की पापणी पडते, डोळा बाहेर-खाली सरकतो आणि बाहुली सैल पडून मोठी होते. माझं हुबेहूब हेच झालं होतं.

आता शुगर आणि फुगा यांतला फरक. बाहुलीकडे जाणारे धागे तिसऱ्या नसेच्या पृष्ठभागावरून, कडेकडेने जातात. पापणीचे आणि डोळा वळवण्याचे धागे आतल्या गाभ्यात असतात. शुगरने नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडतात, तेव्हा उपासमार होते ती गाभ्याची. कडेचे धागे बहुधा तगतात, आणि पापणी पडली तरी बाहुली चालू राहते. बाहेरून फुगा दाबतो तेव्हा पहिला मार कडेच्या धाग्यांना बसतो. पापणी पडलेली, बाहुली मोठी आणि सोबत दुखणं, असं असेल तर ते शुगरच्या खात्यावर मांडायचं नाही, माणूस कितीही जुना मधुमेही असो. उलट बाजूनेही सावध राहायचं. बाहुली चांगली आहे पण पापणी अर्धवटच पडली आहे, अशा माणसाची बाहुली पहिला आठवडाभर पुन्हा पुन्हा पाहावी लागते. फुगा हळूहळू दाबत असेल तर ती चार दिवसांनीही मोठी होऊ शकते. चिठ्ठीवरची वेळ यासाठी मोलाची. काल केवढी होती हे माहीत असेल तरच आजचा फरक कळतो.

इथे तोंड वाकडं होण्याच्या आजाराशी गल्लत होते, आमच्याकडेही झाली. त्यात बिघडते ती सातवी नस. ती डोळा मिटण्याचं काम करते, म्हणून तो डोळा उघडा राहतो, त्यातून पाणी वाहतं. पापणी पडत नाही आणि बाहुली बदलत नाही. कधी कधी पापणी सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी उतरते, बाहुल्या अगदी सारख्या असतात. तो मायस्थेनिया नावाचा आजार असू शकतो. त्याचे डॉक्टर तेच, मेंदू-मज्जातंतूंचे, फक्त त्याची घाई वेगळी. मात्र त्यात श्वास किंवा गिळणं जड जायला लागलं तर तीही तातडीच.

लहान बाहुलीची गोष्ट दुसऱ्या वाटेची आहे, आणि ती वाट मला ऐकूनच नवल वाटली. बाहुली मोठी करणारी नस मेंदूतून निघते, मानेच्या कण्यातून छातीपर्यंत खाली उतरते, फुप्फुसाच्या टोकावरून वळसा घालते आणि गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या अंगाने पुन्हा डोळ्याकडे चढते. एवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही घाव बसला की त्या बाजूची बाहुली लहान राहते, पापणी थोडीशीच उतरते आणि कधी चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस डॉक्टरांनी १८६९ साली चाळिशीच्या एका शेतकरी बाईच्या डोळ्याचं असं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून त्याला हॉर्नर म्हणतात. वर्षानुवर्षं तंबाखू-विडी ओढणाऱ्याला खांदा आणि हात दुखतोय, आणि त्याच बाजूची बाहुली लहान दिसते, तर छातीचा फोटो आणि स्कॅन करायला हवं. फुप्फुसाच्या टोकावरची गाठ अशी डोळ्यात डोकावते. मानेला हिसका बसून मान दुखते आहे आणि बाहुली लहान झाली आहे, तर गळ्यातली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते, आणि त्यातून लकवा येतो. गाडीला मागून धक्का बसल्यावर मान दुखतेय म्हणून मालीश करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मान मोडून आवाज काढणाऱ्या न्हाव्याच्या दुकानाबद्दल माझं मत मी राखून ठेवते.

कोणती बाहुली बिघडली, मोठी की लहान? हे ओळखायची युक्ती सोपी आहे. भरपूर उजेडात फरक वाढला तर मोठी बाहुली आजारी, कारण तिला आकसता येत नाही. अंधारात फरक वाढला तर लहान बाहुली आजारी, तिला पसरता येत नाही. उजेडात आणि अंधारात फरक सारखाच राहिला आणि तो मिलिमीटरपेक्षा कमी असला, पापणी-नजर ठीक असली, तर बहुधा काही नाही. दर पाच माणसांत एकाच्या बाहुल्या अशा किंचित लहान-मोठ्या असतात. त्याला जुना फोटो उपयोगी पडतो. लग्नाचा अल्बम काढायचा, मोबाइलमधला जुना जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहायचा. दहा वर्षांपूर्वीही तसंच दिसत असेल तर निश्चिंत व्हायला हरकत नाही.

पाहताना बॅटरी समोरून डोळ्यात खुपसायची नाही, थोडी खालून किंवा कडेने धरायची, म्हणजे काळ्या डोळ्यातही बाहुलीची कड दिसते. आणि माणसाला लांबच्या भिंतीकडे पाहायला सांगायचं. बॅटरीकडे पाहिलं तर जवळचं पाहण्यामुळेच बाहुली लहान होते आणि आपली फसगत होते. मोबाइलची लाइट चालते, पण क्षणभरच, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यात उगाच मारत बसू नये.

दृष्टीच्या नसेला इजा झाली तर बाहुल्या लहान-मोठ्या होतच नाहीत. ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. हुकूम दोन्हीकडे एकदम जातो ना, म्हणून दोन्ही सारख्याच राहतात. डॉक्टर बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर झुलवतात. चांगल्या डोळ्यावर आली की दोन्ही आकसतात, खराब नसेच्या डोळ्यावर गेली की उजेड असूनही दोन्ही पसरायला लागतात. आमच्या भागात हे दिसतं ते मोटरसायकलवरून पडलेल्या पोरांत. भुवईच्या बाहेरच्या बाजूला मार बसतो, वरून चार टाके पडतात, आत दृष्टीची नस दुखावलेली असते. सूज इतकी की डोळा उघडत नाही. सूज उतरल्यावर घरच्यांना कळतं की त्याला त्या डोळ्याने दिसत नाही. टाके घालतानाच डॉक्टरांना विनंती करा, की पापणी उघडून बाहुली आणि नजर पाहा.

पुणे-नगर रस्ता आणि पुणे-सोलापूर रस्ता, एक शिरूरवरून जातो, दुसरा दौंड तालुक्यातून. दोन्हींवर अपघातांची वाण नाही. डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो, आणि सगळे म्हणतात वाचला बुवा. काही तासांनी तो गुंगायला लागतो. कवटीच्या आत रक्त साठून मेंदू बाजूला सरकत असतो आणि सरकताना तीच तिसरी नस चेपतो. गुंगीबरोबर एक बाहुली मोठी झालेली दिसली तर बघायला वेळच नाही, १०८ बोलवा आणि सीटी स्कॅन आणि मेंदूचं ऑपरेशन होतं तिथेच न्या. पण एक सांगते, बाहुली बदलेपर्यंत थांबायचं नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, विसंगत बोलणं, झोप आवरत नाही, एवढ्यावरच निघायचं. बाहुली मोठी होते तेव्हा आधीच उशीर व्हायला लागलेला असतो.

सगळ्या मोठ्या बाहुल्या मात्र एवढ्या भयंकर नसतात. खुरपताना किंवा महाशिवरात्रीला धोतऱ्याची फुलं-फळं तोडून तोच हात डोळ्याला लागला, की त्या डोळ्याची बाहुली टम्म होते, उजेड सहन होत नाही, जवळचं अंधुक दिसतं. पापणी पडत नाही, दुखत नाही, दोन दिसत नाहीत. काही दिवसांत उतरतं. डोळा स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि डॉक्टरांना धोतऱ्याचं आठवणीने सांगायचं. त्यांच्याकडे पायलोकार्पिनचा थेंब असतो. नस गेलेली बाहुली त्या थेंबाने आकसते, धोतऱ्याने फुगलेली आकसत नाही. दम्याच्या वाफाऱ्याचा मास्क सैल बसला आणि औषधाची वाफ एका डोळ्याकडे गेली तरी असंच होतं. नेत्र शिबिरात तपासणीसाठी घातलेले थेंब तर काही तास, आणि अॅट्रोपीन असेल तर आठवडा-दोन आठवडे बाहुली मोठी ठेवतात. धोतरा पोटात गेला, विशेषतः लहान मुलाच्या, तर मात्र तो खेळ नाही. दोन्ही बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, बरळणं. लगेच दवाखाना.

तरुण मुलींमध्ये कधी एक बाहुली मोठी आणि फार आळशी झालेली दिसते, उजेडाला जवळजवळ हलत नाही, जवळचं वाचताना सावकाश आकसते. त्याला एडीची बाहुली म्हणतात. डोळ्यामागच्या नसेच्या गाठीतला बिघाड आहे, जिवाला धोका नसतो. पण हे डॉक्टरांनी तपासून म्हणायचं, मावशीने नव्हे. आणि डोळा लालभडक, ठणका, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, बाहुली अर्धवट मोठी आणि अडकलेली, हा एकदम चढलेला काचबिंदू. इथे नसेचा दोष नाही, डोळ्यातला दाब वाढलेला असतो. पित्त म्हणून लिंबू-सरबत पाजत बसलात तर नजर जाते.

फवारणीचं वेगळं सांगायला हवं. कीटकनाशकांतल्या काही जाती नसांचा निरोप थांबूच देत नाहीत, हुकूम सुटतच राहतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, छातीत कफ भरतो, स्नायू फडफडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या राज्याला हे कळलं. कांदा, द्राक्ष, डाळिंब, ऊस करणाऱ्या आमच्या भागात पंप पाठीवर घेणारे घरोघर आहेत. बाहुल्या बारीक आणि घाम फुटलेला दिसला की कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचं, उलटी करवायची नाही, औषधाचा डबा सोबत घेऊन निघायचं. तिथे अॅट्रोपीन देतात आणि मग बाहुल्या मोठ्या होतात. नातेवाईक त्यानेच घाबरतात. डॉक्टर त्या वेळी बाहुलीपेक्षा छाती मोकळी झाली का आणि नाडी कशी आहे ते पाहत असतात.

आणि एक गोष्ट मी अतिदक्षता विभागात स्वतः पाहिली. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक बाई होती. कोपीत जमिनीवर झोपली होती. पहाटे पोट दुखतंय म्हणाली, मग पापण्या पडल्या, बोलणं अडखळलं, श्वास थांबायला लागला. अंगावर दंशाची खूण सापडेना. मण्यार होती. बाई व्हेंटिलेटरवर. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नव्हत्या, हात-पाय निर्जीव. बाहेर बसलेल्या नातेवाइकांत कोणीतरी म्हणालं, बाहुल्या फाकल्या, आता मशीन काढा, माती घरी न्या. सिनेमात असंच असतं, डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारतो आणि मान हलवतो.

मण्यारीच्या बाबतीत ही बॅटरी खोटी ठरते. तिचं विष मेंदू मारत नाही, नसांची टोकं निकामी करतं, जिथून स्नायूंना निरोप जातो तीच. बाहुलीची नस त्यातच आली. टोकं नव्याने तयार व्हायला दिवस लागतात. तोवर माणूस वरून मेल्यासारखा दिसतो, आतून जिवंत असतो, कित्येकदा आजूबाजूचं बोलणं ऐकतही असतो. सर्पविषावरची लस आणि यंत्राने दिलेला श्वास, एवढ्यावर तो परततो. ती बाई परतली. बोलायला लागल्यावर तिने त्या नातेवाइकाचं नाव घेऊन जे काही सुनावलं, ते इथे छापण्याजोगं नाही.

शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक हवं. जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आहेत. तेव्हा चांगला उपचार मुंबई-पुण्यातच होतो, असं नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या पडायला लागल्या, पोटात दुखलं, तर खूण सापडो न सापडो, मण्यार समजूनच निघायचं. देवळात नाही, मांत्रिकाकडे नाही. वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहायचा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं, हे सगळ्यात स्वस्त औषध. कोप्यांना खाटा कोण देणार, हा प्रश्न मी कारखानदारांना आणि मुकादमांना विचारते.

माझ्या डोळ्याचं सांगते. काही महिन्यांत पापणी वर आली, मग डोळाही बराचसा सरळ झाला. बाहुली पूर्ण आली नाही. फुग्याने दाबलेल्या नसेत ती बरेचदा मागेच राहते. डावी अजून मोठी आणि मंद आहे. दुपारच्या उन्हात डोळा दिपतो, म्हणून गडद चष्मा आणि वर पदर. सुरुवातीला दोन-दोन दिसायचं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी बांधायची, आज हा, उद्या तो. पट्टी असताना खोलीचा अंदाज चुकतो, जिन्याची पायरी, तापलेली इस्त्री आणि कढईतलं तेल यांपासून जपावं. गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टर परवानगी देईपर्यंत चालवू नये, रात्रीच्या समोरून येणाऱ्या दिव्यांनी तर काहीच सुचत नाही. जवळचं पाहण्याची ताकदही त्याच नसेची, त्यामुळे सुई ओवताना डावा डोळा मिटते आणि काळ्या कापडावर काळा धागा रात्री घेत नाही. गिऱ्हाइकांना तसं सांगितलं आहे.

पैशाचं म्हणाल तर अशा मेंदूच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सोय आहे का, हे भरती होतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत असू द्या. घाईत निघताना हीच दोन कागदं घरी राहतात.

माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या पाकिटात एक कागद घडी करून ठेवलेला असतो, त्याची एक प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये. डॉक्टरांच्या सहीने त्यावर लिहिलं आहे की डावी बाहुली जुन्या आजारामुळे कायम मोठी आहे आणि उजेडाला मंद आहे, मेंदूच्या रक्तवाहिनीत प्लॅटिनमची गुंडाळी आहे, शुगरची अमुक गोळी चालू आहे. उद्या मी कुठे पडले, बेशुद्ध झाले आणि कोणी माझ्या डोळ्यात बॅटरी मारली, तर जुनी गोष्ट नवी समजून धावपळ व्हायला नको. आणि उलटही नको. उजवी मोठी झाली तर ती नवीनच आहे, हेही त्या कागदावर खाली लाल पेनने लिहून घेतलं आहे. एमआरआय करायची वेळ आली तर गुंडाळीचं कार्ड आधी दाखवायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तर थेंब घालायच्या आधी हा कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा. ज्यांच्या एका बाहुलीला असा जुना दोष आहे, मग तो जन्मापासूनचा असो, ऑपरेशनचा असो की अपघाताचा, त्यांनी असा कागद पुढच्या वेळी दवाखान्यात जातील तेव्हा करून घ्यावा. डॉक्टरांना दोन मिनिटं लागतात.